वरची मूठ

हळदीच्या व्यापाऱ्याला रसायनाच्या शेडमध्ये पाऊल ठेवायला कायद्यानं बंदी करावी, असं माझं मत आहे. हे मत मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी सांगलीत बनवलं आणि ते बदलावं असं त्यानंतर काही घडलेलं नाही. हळदीबद्दल माझी तक्रार नाही. हळद आमटीत घालावी, लग्नात अंगाला लावावी, जखमेवर दाबावी. तिचा व्यापार करणारी माणसं मात्र मार्केट यार्डातच बरी.

मी नुकतीच एम.एस्सी. होऊन सांगलीबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले होते. कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. अर्ध्या शेडमध्ये भंगारातून उचललेली, आतून काचेचा थर असलेली एक टाकी, दोन पंप आणि माझं टेबल. उरलेल्या अर्ध्यात पोती. मालकांची पेढी हळदीची, आणि रिकामी जागा दिसली की तिथे पोतं ठेवायचं हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. कुठल्याशा पाव्हण्यानं एका लग्नाच्या पंगतीत त्यांना सांगितलं, की इथून पुढे सगळा पैसा औषधात आहे. तेवढ्यावर हा कारखाना उभा राहिला. दारावरच्या पाटीवर ‘फाइन केमिकल्स’ असं लिहिलं होतं. त्यातलं फाइन काय ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही.

माझी मुलाखत पेढीवर झाली. मालक गादीवर बसले होते. त्यांची नखं आणि तळहाताच्या रेषा पिवळ्या होत्या, आणि तो रंग कधीच धुऊन जात नाही हे मला पुढे कळलं. त्यांनी मला रसायनशास्त्रातलं काही विचारलं नाही. गाव कुठलं विचारलं. मी पलूस सांगितलं. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं. त्यावर ते म्हणाले, “बरं बरं. हुशार असत्यात तुमची पोरं.” आपण कौतुक केलं असं त्यांना मनापासून वाटत होतं. आमचं घर बौद्ध, वडील प्राथमिक शाळेत मास्तर. असलं कौतुक ऐकून गप्प कसं राहायचं याचं शिक्षण आम्हाला शाळेच्या आधी मिळतं.

तेवढ्यात एक बाई किरकोळ हळद घ्यायला आली. नोकरानं तोलली, काटा सरळ झाला, आणि मालकांनी बसल्या जागेवरून हात लांब करून पोत्यातली एक मूठ तिच्या पिशवीत वरून घातली. बाई गेल्यावर ते मला म्हणाले, “आमच्या आज्यापासनं हाय हे. माप करायचं आनि वर एक मूठ घालायची. गिऱ्हाईक भरल्या पिशवीनं गेलं पायजे. आनि त्याच्या मालातलं चिमूटभर मागं ठेवायचं न्हाई. ती चोरी.” तेव्हा मला ते आवडलं होतं. चीड येते ती याचीच.

कारखान्यात आम्ही पहिली दोन वर्षं काय काय केलं ते सांगण्यासारखं नाही. फिनेल केलं, गंज काढायचं पाणी केलं, एका रंगवाल्याला काहीतरी करून दिलं. दर अमावस्येला टाकीवर नारळ फुटायचा. दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या काचेवर मालक कुंकू लावत, त्यामुळे दाब किती हे बघायला मला आधी देव पुसावा लागे. मी पुसलं की त्यांचा चेहरा पडायचा. लिंबू-मिरची टाकीच्या झाकणाला बांधलेली असे. मी ती काढायची, ते पुन्हा बांधायचे. याविषयी आमच्यात कधी एक शब्दही बोलणं झालं नाही.

मग एक खरं काम आलं. ते सरांनी आणलं. सर म्हणजे साताऱ्याचे एक निवृत्त प्राध्यापक, कारखान्याचे सल्लागार. दर गुरुवारी एस.टी.नं यायचे, मालकांच्या घरी जेवायचे, शेडमध्ये येऊन नाकाला रुमाल लावायचे आणि “छान, छान” म्हणून परत जायचे. त्यांचा एक जुना विद्यार्थी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मोठ्या जागेवर होता. त्याला एक पदार्थ हवा होता, आणि तो परदेशातून मागवणं परवडत नव्हतं.

काम असं होतं. पुण्यात पेप्टाइडची औषधं करायचे प्रयत्न चालले होते. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. इन्सुलिन हे त्याच जातीतलं. अशी माळ टोचली की शरीर थोड्याच वेळात तिचे तुकडे करून टाकतं, म्हणून रोग्याला पुन्हा पुन्हा टोचून घ्यावं लागतं. त्यावर नवा उपाय निघत होता. माळेतल्या एका मण्याला चरबीची लांब शेपटी जोडायची. ती शेपटी रक्तातल्या प्रथिनाला धरून राहते आणि औषध बराच वेळ टिकतं. माळ पुण्यात ओवली जाणार होती. शेपटी लावलेला तो एक मणी आम्ही द्यायचा होता.

मण्याचं नाव लायसिन. त्याला अभिक्रिया करणारे दोन हात असतात. एक हात झाकून ठेवायचा, कारण तो पुढे माळ ओवताना लागतो. दुसऱ्या हाताला पामिटिक ॲसिडची, म्हणजे सोळा कार्बनची शेपटी जोडायची. सोळाच. अठराची जोडली तर वस्तू दुसरी झाली. दिसायला तीही तशीच, पांढरी आणि मेणचट, पण औषधाच्या कामाला वेगळी.

हे सगळं मी मालकांना टेबलापाशी उभं राहून कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “म्हंजे औषधाला तूप लावायचं.” पुढचा महिनाभर ते यार्डात भेटेल त्याला सांगत होते, की आमी आता औषधाला तूप लावतो. लोक मान डोलवत होते. मला लाज वाटायची, आणि मुंडी खाली घालून काम करण्यापलीकडे तिला काही उपाय नव्हता.

पण त्याच बोलण्यात त्यांनी एक वचन दिलं. “मॅडम, ही पयली बाटली पुण्यात पास झाली, तर ही पोती काढतो. तुमास्नी काचेची खोली करून देतो, नवा काटा देतो, दारावर तुमच्या नावाची पाटी. न्हाई झाली पास, तर मग मी धुण्याच्या पावडरीचं मशीन आनतो. मोकळं बोललेलं बरं.” मशीनवाला एकदा येऊन जागा मोजूनही गेला होता. त्यामुळे मला पक्कं ठाऊक होतं, की माझ्या एका बाटलीवर ती शेड प्रयोगशाळा होणार की निरम्याचं दुकान, हे ठरणार आहे. पलूसच्या मुलीच्या नावाची काचेच्या दारावर पाटी. वडिलांना ते दार दाखवायचं होतं मला. एवढीच इच्छा होती, आणि ती लहान नव्हती.

पहिला अडथळा सरांनी आणला. शुद्ध पामिटिक ॲसिडची बाटली मुंबईहून मागवली होती आणि ती महाग होती. सर म्हणाले, “एवढं कशाला? आमच्या ओळखीचा एक साबणवाला आहे, त्याच्याकडून घ्या. फॅटी ॲसिड ते फॅटी ॲसिड.” आयुष्यभर फळ्यावर शुद्धतेची व्याख्या लिहून देणारा माणूस हे बोलत होता. साबणवाल्याच्या पोत्यात सोळा आणि अठरा दोन्ही मिसळलेलं असतं, हे बी.एस्सी.च्या पोराला कळतं. पण सल्लागाराचा सल्ला, म्हणून मी त्या मालाची एक छोटी चाचणी करून दाखवली. आलेली पावडर बारीक नळीत भरून तापवली, तर ती ठरलेल्या तापमानाच्या आधीच ओलसर झाली आणि मग बराच वेळ रेंगाळत वितळली. शुद्ध वस्तू अशी रेंगाळत नाही. मी सरांना नळी दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि जेवायला निघून गेले. ती पावडर मी एका बाटलीत भरली, वर ‘चाचणी, देऊ नये’ असं लिहिलं आणि कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवून दिली. तीच फेकून दिली असती तर पुढचं काही घडलं नसतं, असं लोक म्हणतात. केमिस्ट वाईट निकालही जपून ठेवतो. हे त्या शेडमध्ये एकाच माणसाला माहीत होतं.

मग मी खरा माल केला, मुंबईच्या बाटलीतून. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही, कारण तेव्हा मी सुखात होते आणि सुखी माणसाचं बोलणं कंटाळवाणं होतं. पंप बंद पडला तर मी दुरुस्त करायची. वीज गेली तर टाकीभोवती ओली पोती गुंडाळायची. शेवटी गाळणीवर पांढरा थर जमला, धुतला, वाळवला. नळीत भरून तापवला, तर ठरलेल्या जागी एकदम, एका श्वासात वितळला. मी तो प्रयोग पुन्हा केला. पुन्हा तसाच. शेडमध्ये कुणी नव्हतं, नाहीतर मी ओरडले असते.

माल मोठ्या बाटलीत भरला, बूच लावलं, वरून मेणकापड गुंडाळलं. त्यातलाच थोडा एका छोट्या बाटलीत मागे ठेवला. ही रीत जगभर आहे. दिलेल्या मालाचा नमुना देणाऱ्यानं मागे ठेवायचा, म्हणजे पुढे भांडण झालं तर तपासता येतं. छोटी बाटली मी वरच्या फळीवर ठेवली. मालकांना सांगितलं, सोमवारी पाठवू. आणि सुट्टीला पलूसला गेले. जाताना वडिलांना काय काय सांगायचं ते बसमध्ये घोकत होते.

सोमवारी आले तर मोठी बाटली टेबलावर नव्हती. मालक रविवारीच स्वतःच्या गाडीनं पुण्याला देऊन आले होते. येताना साताऱ्याला थांबून पेढे आणले होते. “साहेबाच्या हातात दिली,” ते म्हणाले, “म्हनलं, उघडून बघा, एक कण कमी न्हाई.” मला पेढा दिला. मी खाल्ला. चांगला होता.

काही आठवड्यांनी पुण्याहून फोन आला. मालक पेढीवरून शेडमध्ये आलेले होते आणि फोनशेजारीच खुर्चीवर बसले होते. फोन मी घेतला. पलीकडे सरांचा तो विद्यार्थी होता. शांत, नेमकं बोलणारा माणूस. त्या सगळ्या प्रकरणात मला ज्याचा राग आला नाही असा तोच एक. तो म्हणाला, “मॅडम, तुमच्या बाटलीत दोन पदार्थ आहेत. एक आम्हाला हवा तो. दुसऱ्याची शेपटी दोन कार्बननं लांब आहे. आणि गंमत म्हणजे, वरच्या थरात तो जास्त, तळाला जवळपास नाहीच. तळाचा माल तर आम्ही परदेशातून आणतो त्याच्यापेक्षा चांगला आहे.” मग तो म्हणाला, “आणखी एक. वरच्या थराला किंचित पिवळसर झाक आहे. तुम्ही कुठला रंग वापरता का?”

मी रिसीव्हर कानाला लावून मालकांच्या हाताकडे बघितलं. हात गुडघ्यावर होता. नखं पिवळी होती.

मी फोन धरून ठेवायला सांगितला आणि कपाटाकडे गेले. खालच्या फळीवरची ‘चाचणी, देऊ नये’ अशी बाटली रिकामी होती. वरच्या फळीवरची छोटी बाटलीही रिकामी होती, आणि ती धुऊन पालथी घातलेली होती. काटकसरी घर.

“मालक,” मी विचारलं, “ह्या बाटल्यांतलं कुठं गेलं?”

“घातलं की मोठ्या बाटलीत,” ते म्हणाले. तोंडावर समाधान होतं. “गळ्यापाशी रिकामी दिसत हुती बाटली. आसं उनं माप द्यायचं व्हय? खालच्या फळीवर चांगली पांढरीफेक पावडर पडून हुती. मूठभर वरनं घातली. आनि ते तुमी मागं काढून ठिवल्यालं, ते बी घातलं. मॅडम, गिऱ्हाइकाचा माल मागं ठेवायचा न्हाई, तुमाला पयल्याच दिवशी सांगितलं हुतं.”

“मुठीनं?”

“मग काय पळीनं? हात धुतला हुता आवं.”

मला हसू आलं नाही. आज लोकांना सांगते तेव्हा ते हसतात, आणि मी त्यांना हसू देते. महिनोन् महिने मी त्या माणसाच्या शेडमध्ये एकेक कण धुतला, आणि त्यानं आज्यापासून चालत आलेल्या दातृत्वानं त्याच्यावर एक मूठ कचरा घातला. ज्यानं माझी बाजू सिद्ध झाली असती तेही त्याच बाटलीत ओतलं, गिऱ्हाइकाचा माल मागे ठेवून मी चोर ठरू नये म्हणून. बाटलीवर लिहिलेलं ‘देऊ नये’ त्यांनी वाचलं नव्हतं का? वाचलं होतं. मी पुढे विचारलं तेव्हा म्हणाले, “मला वाटलं तुमी जपून वापरायला लिवलंय.”

फोन चालूच होता. मी पुण्याच्या साहेबांना म्हटलं, की भरताना चूक झालेली दिसते. ते लगेच म्हणाले, “भरताना झाली असेल तर प्रश्नच नाही. तुमची पद्धत चांगली आहे, हे तळाच्या मालावरून दिसतंच. पण आमच्या समितीपुढे मला सांगावं लागेल. नमुना मागे ठेवलाय का?” मी म्हटलं, नाही. “मग तुमच्या मालकांनी तसं कळवावं, की बाटली नंतर उघडली आणि दुसरा माल मिसळला गेला. त्यांनी तोंडी सांगितलं तरी चालेल. मी दुसरी बाटली मागवतो.”

मुंबईची पामिटिक ॲसिडची बाटली अजून अर्धी शिल्लक होती. महिन्याभरात मी दुसरा माल केला असता. फक्त एक वाक्य हवं होतं. मी रिसीव्हर मालकांपुढे धरला आणि हळू आवाजात सांगितलं, “एवढंच सांगा, की तुम्ही वरून घातलं.”

त्यांनी रिसीव्हर घेतला. माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, तेवढ्या वेळात त्यांना पहिल्यांदाच कळलं, की आपण जे केलं त्याला दुसरं एक नाव आहे आणि ते नाव यार्डात कसं ऐकू येईल. हळदीच्या व्यापारात त्या नावानं माणूस बाजारातून उठतो. मग ते रिसीव्हरमध्ये अगदी गोड आवाजात म्हणाले, “साहेब, पोरगी नवीन हाय. हुशार हाय, पर नवीन हाय. तिच्या हातनं चुकलं आसंल. माफी असावी.”

आणि फोन ठेवला. मी तिथेच उभी होते. माझ्यादेखत ठेवला.

मी भांडले. माझा आवाज शेडच्या पत्र्याला लागून परत येत होता. ते शांत होते. “आवं मॅडम, तीन पिढ्यांत आमच्या पेढीवर भेसळीचा डाग न्हाई. आता मी माझ्या तोंडानं म्हनू व्हय, की मी भेसळ केली? आनि मी केली कुठं? मी वाढवून दिलं.” यातलं शेवटचं वाक्य त्यांना खरंच खरं वाटत होतं. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. या माणसाच्या डोक्यात दानत इतकी गच्च भरलेली होती, की बाकी काही शिरायला जागाच नव्हती.

मी साताऱ्याला गेले. सरांचा त्या विद्यार्थ्यावर शब्द चालतो, हे मला माहीत होतं. त्यांनी नुसता एक फोन करून खरं काय झालं ते सांगितलं असतं तरी काम झालं असतं. सरांचं घर डोंगराच्या बाजूला, चढावर, अंगणात शेवंतीच्या कुंड्या. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. साबणवाल्याच्या मालाचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी कुंडीतलं एक वाळलेलं पान काढलं.

“तो माल कुणी आणायला सांगितला, ते पुण्यात सांगायची गरज आहे का?” त्यांनी विचारलं.

म्हणजे त्यांना तेवढंच ऐकू आलं होतं. मी म्हटलं, तुमचं नाव येणार नाही सर, फक्त एवढं सांगा की बाटली नंतर उघडली. ते म्हणाले, “मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. वैज्ञानिकानं न पाहिलेलं बोलू नये.” मग मला समजावणीच्या सुरात सांगितलं, की तू अजून लहान आहेस, पहिली नोकरी आहे, चूक कबूल करण्यात मोठेपणा असतो. मी विचारलं, “कुठली चूक, सर?” त्यांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांच्या बायकोनं आतून चहा आणला होता. तो मी प्यायला नाही, आणि मला वाटतं त्या घरात मी केलेली शहाणपणाची तेवढीच गोष्ट.

परत येताना बस कराडला बराच वेळ उभी होती. मी खिडकीशी बसून हिशेब करत होते, की मीच पुण्याला जाऊन सांगितलं तर? पण चुकलेला केमिस्ट स्वतःहून येऊन मालकावर ढकलतो, यापेक्षा जुनी गोष्ट कुठल्या संस्थेत असेल? तरी मी स्टँडवरच्या फोनवरून फोन केला. साहेबांनी ऐकलं. म्हणाले, “मॅडम, मला तुमचं पटतं. पण समितीला पटायला तुमच्या मालकांचा शब्द लागेल. तुमचा नाही.” ते वाईट हेतूनं बोलले नाहीत. म्हणूनच ते लागलं.

धुण्याच्या पावडरीचं मशीन आलं. पोती हलली खरी, पण सोड्याची पोती आत आणण्यासाठी. मशीनला हार घातला, नारळ फुटला. मालकांनी उरलेली पामिटिक ॲसिडची अर्धी बाटली हातात धरून मला विचारलं, की हे ह्या पावडरीत चालंल का, वाया कशाला घालवायचं. त्या दिवशी मी सोडून जायचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी मी पेढीवर गेले. गादीवर ते, समोर तराजू, बाजूला पोती, सगळं पहिल्या दिवशीसारखं. मला त्यांच्याकडून काही नको होतं, ते एक वाक्य सोडून. मी तसं स्पष्ट सांगितलं. “मला पुण्याला दाखवायला नको. बाजारात सांगायला नको. मला सांगा. माझा माल चांगला होता, एवढं माझ्यापुढे म्हणा.”

त्यांनी समोरचा तराजू पुढे सरकवला. मग नोकराला म्हणाले, “मॅडमना राजापुरी किलोभर दे. चांगली, नवी.”

नोकरानं तराजूत हळद घातली. काटा सरळ झाला. त्यानं ती पिशवीत ओतली. मालक गादीवरून पुढे झुकले, पोत्यात हात घातला आणि भरलेली मूठ माझ्या पिशवीत सोडली. “घरी आईला द्या,” ते म्हणाले. “आमच्याकडनं कुणी उनं माप घिऊन गेलं न्हाई.” आणि हसले. त्यांचा तो हिशेब मिटला होता.

मी पिशवीत हात घातला. ती वरची मूठ तशीच्या तशी उचलली, पोत्यात परत टाकली आणि हात झटकला. गादीवर, त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पिवळे डाग उडाले. “किलो दिलीय ना? मला किलोच बास,” मी म्हटलं. ते एकदम उठून उभे राहिले. मी इतके दिवस ओरडले, रडले, सरांच्या दारात गेले, तेव्हा त्यांना काही झालं नव्हतं. आता ते धोतरावरचे डाग हातानं झटकत होते. “बाई, असा अपमान कुनी केला न्हाई आमचा,” ते म्हणाले. मला बरं वाटलं. अजूनही आठवलं की बरं वाटतं.

पलूसला पोचले तेव्हा वडील शाळेतून यायचे होते. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं नाही. नोकरी सोडली एवढंच सांगितलं, आणि ‘हळद, किलोभर’ म्हणत पिशवी तिच्या हातात दिली. माझी पिवळी बोटं तिनं बघितली. मग पिशवी तळहातावर घेतली, जन्मभर बाजार केलेल्या हातानं दोनदा वरखाली तोलली.

“सांगलीची व्हय?” ती म्हणाली. “कमी हाय गं ह्यात. वरची मूठ बी घातली न्हाई. फसिवलं तुला.”